गटारातली पांढरी पुरचुंडी

"पन्हाळा बांधायचा तर काळी मातीच पायजे! ह्या मुरमाचा बुरूज उभा ऱ्हाईल व्हय?" असं म्हणत कृष्णातनं पायानंच अर्धा बुरूज पाडला.

"मग आन की जाऊन!" अंजना फणकारली. तिच्या कडेवर तिचा धाकटा भाऊ गुंडा होता, आणि तो तिच्या वेणीचं टोक मनापासून चोखत होता. "सकाळधरनं निस्तं हुकूम सोडाय लागलाईस. सुभेदाराचा पुतण्या शोभतोस खरा!"

"भांडू नगासा रं," धुळा म्हणाला. "वड्याच्या तोंडाला हाय की माती. लोण्यावाणी!"

धुळा वडूजकडचा. दिवाळी आली की त्याच्या घरची मेंढरं इस्लामपूरकडच्या उसाच्या पट्ट्यात उतरत आणि कासारओढा गावाच्या शिवारात बसत. त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्याला गवंडी तीन आणि भांडणं तीनशे!

घमेलं घेऊन तिघं निघाली. गावातल्या सगळ्या गल्ल्यांची गटारं जिथं एकत्र होऊन ओढ्यात पडत, तिथं पोचल्यावर धुळा एकदम थबकला.

"थांबा! हात लावू नगासा! करणी हाय ती!"

गटाराच्या कडेला एक खुंटी ठोकलेली होती. खुंटीला सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला पाण्यात हेलकावणारी एक कापडाची पुरचुंडी.

"लिंबू न्हाई, बिबा न्हाई, कसली रं करणी?" अंजना वाकून बघू लागली. "मला येगळंच दिसतंय. गटारात बुडून बी ही इतकी पांढरी कशी? आमच्या आईची धुणी बी अशी निघत न्हाईत!"

खरंच की! आता कृष्णातही वाकला. तेवढ्यात मागं जीपचा हॉर्न वाजला आणि पोरं बेडकासारखी उडाली.

जीपमधून एक बुटक्या, चष्मेवाल्या बाई उतरल्या. हातात रबरी मोजे, काखेत बर्फाची पेटी. "हात नाही ना लावलात? शहाणी मुलं! मी डॉक्टर करमळकर. पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेय. ही पुरचुंडी माझीच."

"गटारात काय भिजाय घातलंय, बाई?" धुळानं विचारलं.

बाई हसल्या. "पोलिओ माहीत आहे? ताप येतो आणि लहान मुलाचा पाय लुळा पडतो. पल्याडच्या वाडीत एका मुलीचा पडलाय. पण त्याचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही. तो कितीतरी मुलांच्या पोटात शिरतो, पाय मात्र एखाद्याचाच जातो. बाकीची खुशाल खेळत असतात. तो विषाणू त्यांच्या शीतून बाहेर पडतो, तो थेट गटारात!"

"बारकी पोरं गटारावरच बसत्यात की आमची!" अंजनाला हसू आवरेना.

"म्हणून तर मी घरोघरी न जाता गटारालाच विचारते. दोन-तीन दिवस ही पाण्यात राहिली की विषाणू तिच्यात अडकतो." बाईंनी सुतळी ओढून पुरचुंडी वर काढली आणि त्यांचं हसू मावळलं. "पुन्हा पांढरीफेक! मागच्या खेपेलाही असंच झालं."

कृष्णातनं नाक वर केलं. "बाई, हिरीत टाकत्यात त्या पावडरीचा वास येतोय."

"ब्लीचिंग पावडर! तिनं विषाणू मरतो रे. म्हणजे मुलांच्या पोटात तो असला तरी मला सापडणार नाही." बाईंनी गुंडाच्या गुबगुबीत मांडीला हळूच चिमटा काढला. "पोलिओच्या डोसाची एकच पेटी आहे माझ्याकडे, तीही एकाच गावापुरती. ज्या गावात विषाणू सापडेल तिथं ती जाईल. इथं काहीच मिळालं नाही, तर ती दुसरीकडे न्यावी लागेल."

अंजनानं गुंडाला घट्ट धरलं. तिची हसायची इच्छाच गेली.

बाईंनी नवी पुरचुंडी बांधली. "गुरुवारी येते. ही शेवटची!" जीप पुढच्या गावाला निघून गेली.

किल्ला राहिला बाजूला! पावडर कोण टाकतंय ते बघायला दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी तिघं वरच्या गल्लीतल्या कडब्याच्या गंजीमागं दडून बसली. गुंडाला आईजवळ ठेवलं होतं, नाहीतर त्यानं भोकाड पसरून सगळा बेत उधळला असता.

खाड् खाड् बूट वाजले. खाकी अर्धी चड्डी, पिळदार मिशा आणि काखेत छडी!

"आयला!" कृष्णात पुटपुटला. "ह्ये तर आमचं नानासो!"

नानासो म्हणजे गावचे सरपंच, एकाहत्तरच्या लढाईतून परतलेले सुभेदार. त्यांच्यामागं कोतवाल दादासो डबा घेऊन धावत होता.

"दादासो, टाक पावडर! फुल्ल टाक! पुण्याचं सायेब गटार बघाय येत्यात म्हंजे इन्स्पेक्शन हाय. माशी बसाय न्हाई पायजे!"

घ्या! सुभेदारांनी सगळी उमर पलटणीत काढलेली. साहेब येणार म्हटलं की घासा, पुसा, चुना मारा! कुणी घाण बघायलाच येईल, हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही.

न्याहारीच्या वेळी कृष्णातनं धीर केला. "आवं नानासो, गटार दोन दिस घाण ऱ्हाऊ द्या की. डाक्टरीणबाईंनाच घाण पायजे."

"काय?" नानासोंच्या हातातली भाकरी ताटात पडली. "गावाची अब्रू काढतोस? सायबाला घाण दावू? पळ! पुन्ना त्वांड उघडलंस तर उठाबशा!"

कृष्णात पडक्या चेहऱ्यानं परत आला. "लय चांगलं हाईत रं नानासो. पर ऐकत न्हाईत."

"मग त्यास्नी न सांगताच करूया," अंजना म्हणाली. "पावडरीवाणी पांढरं, पर इषाणू न मारणारं काय आसतं?"

"पीठ!" धुळा म्हणाला.

"पिठाचा गोळा हुईल, येड्या. रांगोळी!"

रांगोळी विकणाऱ्या रंगुबाई चावडीमागं राहत. दिवाळीची गडबड, रांगोळीचा दगड कुटायचा खल चालूच होता. "डबाभर रांगोळी? फुकट?" म्हातारी कडाडली. "बसा खाली! आधी दगड कुटा, मग चाळा, मग न्या!" तिघांनी दुपारभर कुटलं. संध्याकाळी एकमेकांकडं बघून हसू आवरेना, कारण भुवयांपासून पायापर्यंत तिघंही पांढरी भुतं झाली होती.

चावडीत दादासोची चूल पेटत नव्हती आणि तो फुंकणीनं हैराण झाला होता. धुळा मदतीला बसला आणि मेंढराला लांडगा कसा लागला ते रंगवून सांगू लागला. तेवढ्यात मागच्या दारानं शिरून कृष्णात आणि अंजनानं तिथल्या डब्यातली पावडर पोत्यात ओतली आणि डब्यात रांगोळी भरली. वासासाठी वर फक्त मूठभर खरी पावडर ठेवली.

सकाळी गंजीमागं तिघांनी श्वास रोखला.

"आज लय पांढरी पडलीया, नानासो," दादासो म्हणाला.

"नवा माल आसंल! टाक!"

अंजनानं पदर... छे, पदर कुठला, परकराचा बोळा तोंडात कोंबला, तेव्हा कुठं हसू थांबलं.

गुरुवारी जीप आली. नानासो हार घेऊन ओढ्याच्या तोंडाशी ताठ उभे. बाईंनी सुतळी ओढली. काळीकुट्ट, बुळबुळीत, घाणेरडी पुरचुंडी वर आली आणि बाई आनंदानं ओरडल्या, "वा! काय सुंदर घाण आहे!"

नानासोंचा चेहरा पडला. "दादासो! पावडर कुटं गेली?"

कृष्णात पुढं झाला. "आमी बदलली, नानासो. पावडर पोत्यात हाय. रांगोळी टाकली."

छडी वर गेली. पण बाई मध्ये आल्या. त्यांनी पोरांना सांगितलं होतं तेच पुन्हा सगळं सांगितलं. नानासोंनी ऐकलं आणि छडी हळूहळू खाली आली. ते हार तसाच हातात घेऊन घरी गेले.

बाईंनी पुरचुंडी बर्फात घालून पुण्याला नेली. मग सुरू झालं ते वाट बघणं! दिवाळी झाली, किल्ला वाळून तडकला. गुंडाला नुसती शिंक आली तरी अंजना त्याचे पाय चाचपून बघायची.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जीप आली. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "सापडला. तुमच्या गटारात पोलिओ आहे. डोस आणलेत."

चावडीपुढं नानासोंनी सगळ्या गावाची बारकी पोरं रांगेत लावली. मेंढपाळांच्या तळावरचीही त्यांनी स्वतः जाऊन आणली. मग ते गावाकडं वळले. "मंडळी, चूक माझी हाय. सायबापुढं घाण झाकायची खोड मला पलटणीत लागली. ती झाकली आसती तर..." त्यांनी अंजनाच्या कडेवरून गुंडाला उचललं. "चल पैलवान, आ कर!"

थेंब जिभेवर पडले. गुंडानं तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या. सगळे हसले, आणि इतके दिवस तोंडाची टकळी न थांबवणारी अंजना हमसून रडायला लागली.

"का गं?" बाईंनी जवळ घेतलं.

"मला वाटलं हुतं, औषद दुसऱ्याच गावाला जाणार."

नानासोंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्यापायी जाणारच हुतं, पोरी. तुमी तिघांनी माझा हुकूम मोडलासा, म्हणून ते आपल्या गावात ऱ्हायलं. लय शाणी लेकरं हाईसा!"

मग त्यांनी गुंडाला तिच्याकडं दिलं आणि पुढचं पोर उचलून घेतलं. रांग अजून लांब होती.