रानभेंडीची तार

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली पहिली पाळी साडेतीनला सुटली आणि चारच्या सुमाराला ऋतुराज आपल्या शेताच्या बांधावर एका चोराला रंगेहाथ पकडून उभा होता. चोराच्या अंगात पिवळा कुर्ता होता, हातात भाजी चिरायची सुरी होती आणि बगलेत रानभेंडीची पाच-सहा खोडं. दुसऱ्या कुणी "ओ ताई" अशी हाक मारली असती. ऋतुराजने चेहरा पाहिला आणि ताई हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघेना.

"पावणं," तो म्हणाला, "उसाची चोरी ऐकलीया, मक्याची ऐकलीया. भेंडीचं खोड चोरणारं आजच बघितलं."

"विचारायला कोण होतं का इथं?" असं म्हणत तिने सुरी पाठीमागे लपवली. मग स्वतःच हसली.

ती अनुजा. राजारामपुरीची, विद्यापीठात पीएच.डी. करणारी आणि कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी बिनधास्त "मी जातो, मी येतो" म्हणणारी. बांधावर उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. भाजलेल्या जखमेवर साधी पट्टी चिकटते आणि काढताना माणसाचा जीव जातो. तिला अशी पट्टी करायची होती जिचा एकेक धागा केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक असेल आणि ज्यात रानभेंडीचा बुळबुळीत रस असेल. गुऱ्हाळात उसाचा रस साफ करायला हीच भेंडी घालतात, हे तिने कुठेसं वाचलं होतं. पण कशी घालतात, ते कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं.

आता ऋतुराजचे वडील आकाराम हे पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे. काहिलीतला, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईतला पाक कधी उतरवायचा, हे नुसत्या नजरेनं ओळखणारे. पोरगा मात्र आयटीआय करून फौंड्रीला लागलेला. गुऱ्हाळात तो जायचा तो गरम गूळ खायला. पण समोर पिवळा कुर्ता उभा असताना "मला ठाऊक नाही" म्हणायला जी छाती लागते, ती त्या दिवशी त्याच्याकडे नव्हती.

"उकळायची," तो ठामपणे म्हणाला. "दणकून उकळायची. गुळव्याचं पोरगं हाय मी."

पुढचे आठ दिवस रानभेंडीच्या मोळ्या मोटरसायकलवरून विद्यापीठात पोचू लागल्या. खरं तर एक मोळी पुरली असती, पण ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही. अनुजाने त्याला प्रयोगशाळेत नेऊन यंत्रही दाखवलं. सिरिंजमध्ये पॉलिमर आणि भेंडीचा रस, सुईच्या टोकाला वीस हजार व्होल्ट आणि वीतभर अंतरावर फॉइल गुंडाळलेला फिरता रूळ. वीज रसाला ओढते, रसाची तार होते, ती हवेतच वाळते आणि रुळावर कापडासारखा पापुद्रा साठत जातो. निदान तसं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात सुईतून थेंब पडत होते... एक, मग दुसरा. जन्मभर लोखंडाचे टन मोजलेला ऋतुराज त्या थेंबांकडे बघत राहायचा, आणि थेंबांकडे बघून कंटाळा आला की तिच्याकडे.

शुक्रवारी ती यंत्र बंद करून स्टुलावर बसली.

"सोमवारी समितीपुढं जातोय मी. तार दाखवली न्हाय तर विषयातनं भेंडी काढायची आणि नुसत्या विकतच्या पॉलिमरवर काम करायचं, असं ठरलंय. दोन वर्षं ह्याच्यापायी घालवली..." ती थांबली. "जाऊ दे. भेंडीच कमी पडली म्हणायची. पण तू लई केलंस हं माझ्यासाठी. तुझे उपकार हाईत."

उपकार हा शब्द ऋतुराजला असा लागला की रात्री तो ताटातली भाकरी नुसती चिवडत बसला. शेवटी त्याने ताटावरच वडिलांना विचारलं. आकाराम घास घ्यायचे थांबले.

"उकळायची? कुणी सांगितलं रं?"

"काहिलीत तुमी वतताय की."

"वततोय तेवढंच बघितलंस व्हय? आदी बादलीत काय करतोय, ते बघायला कवा थांबलास?" आकाराम म्हणाले. "काखंत कळसा आन गावाला वळसा."

शनिवारी सकाळी तो तिला गुऱ्हाळावर घेऊन आला. काहिलीतून वाफ उठत होती आणि गोड वासाने डोकं जड होत होतं. सगळं सांगून टाकायचं असं ऋतुराजने वाटभर घोकलं होतं, तरी जीभ अडखळलीच.

"अनुजा, मला त्यातलं काय बी ठावं नव्हतं. तू परत यावीस म्हणून... बोलून गेलो."

ती काहिलीपासून दोन पावलं मागे सरली.

"आठ दिवस, ऋतुराज," एवढंच म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून रस्त्याकडे वळली.

"पोरी," आकारामांनी वाफेतून हाक मारली, "त्याच्यावर राग धर, भेंडीवर धरू नगंस. ये हिकडं."

ती परतली. आकारामांच्या दोन्ही हातांवर उडालेल्या पाकाचे जुने पांढरे डाग होते. त्या डागांकडे तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. तिने आणलेल्या बाटलीतला रस त्यांनी बोटावर घेतला, अंगठा लावला, उचलला. काहीच ताणलं गेलं नाही.

"मेलीया ही. उकळून वर घुसळली बी असशील."

यंत्रावर रात्रभर, असं अनुजाने कबूल केलं. आकारामांनी मान हलवली. भेंडीला ताप दाखवायचा नाही आणि रवी लावायची नाही. खोड ठेचायचं, गार पाण्यात सोडायचं आणि हातानं चोळत राहायचं. काहिलीची आच तिला अगदी शेवटी. त्यांनी ताजी खोडं ठेचून बादलीत टाकली आणि दोघांना बादलीपाशी बसवून ते निघून गेले. म्हाताऱ्याला गुळातलंच कळत होतं असं नाही.

पाणी गार होतं. हळूहळू ते दाट झालं आणि बोटं बोटांवरून सटकू लागली. एकदा तिचा हात त्याच्या हाताखाली आला. तिने काढला नाही, पण वरही बघितलं नाही.

"नीट चोळ," ती फणकारली.

"चोळतोय की."

थोड्या वेळाने तिने दोन बोटं पाण्याबाहेर काढली आणि हळूच फाकवली. त्यांच्यामध्ये एक तार उभी राहिली, उन्हात चमकणारी, तुटायचं नाव न घेणारी. अनुजाने बोटं आणखी फाकवली. ऋतुराजने तारेकडे बघितलंच नाही, तो तिचा चेहरा बघत होता.

रविवारी दुपारी सुईच्या टोकाशी थेंब जमला, ताणला गेला आणि पडायच्या ऐवजी नाहीसा झाला. तासाभराने फॉइलवर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा होता. सूक्ष्मदर्शकाखाली नुसते धागेच धागे, गाठ एकही नाही. अनुजाने त्याची बाही घट्ट धरली होती, हे दोघांच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं. सोमवारी समितीने भेंडी ठेवली.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. ऋतुराज दर रविवारी वडिलांच्या हाताखाली गुऱ्हाळावर बसू लागला. ज्या माणसाशी त्याचं बोलणं जेवलास का, एवढंच उरलं होतं, त्याच्याशी तो आता तासन्‌तास बोलत होता. हे अनुजामुळे झालं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिला मात्र मनातलं काही सांगणं जमलं नाही. ती त्याचे उपकार मानत होती, आणि उपकार केल्यावर काही मागितलं तर तो सौदा झाला असता.

प्रबंध बांधून मिळाला त्या दिवशी राजारामपुरीतल्या बाइंडिंगच्या दुकानात ती त्याला घेऊन गेली. काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक, वर सोनेरी अक्षरं. तिसऱ्या प्रकरणात रस काढायच्या पद्धतीपुढे आकाराम गुळव्यांचं पूर्ण नाव आणि गाव छापलेलं होतं. त्यावरून ऋतुराजने दोनदा बोट फिरवलं. मग त्याने ऋणनिर्देशाचं पान काढलं. मार्गदर्शक, समिती, प्रयोगशाळेतले मदतनीस, गुऱ्हाळाच्या चुलवानात जाळ घालणारे गडी, विद्यापीठाच्या फाटकावरचा वॉचमनसुद्धा. त्याचं नाव नव्हतं.

म्हणजे ते वाया गेलेले आठ दिवस ती अजून विसरलेली नाही, असं त्याच्या मनात आलं. चूक आपलीच होती. त्याने पुस्तक मिटलं आणि हसायचा प्रयत्न केला.

"झकास झालंय."

"सगळं वाचलंस?"

"वाचलं की."

"मग माझ्या आईबाबांचं नाव कुठं दिसलं?"

त्याने पान परत उघडलं. वरून खाली आणि खालून वर बघितलं. नव्हतं.

"सर म्हणत होते, घाल," अनुजा म्हणाली. तिचं लक्ष पुस्तकाच्या कोपऱ्याकडे होतं आणि कान लाल झाले होते. "मी म्हटलं, आमच्यात घरच्या माणसांचे आभार मानत न्हाईत."

दुकानदार किती प्रती पिशवीत घालू म्हणून विचारत होता. बाहेर रिक्षा ओरडत होत्या. ऋतुराजला ते वाक्य पोचायला जरा वेळ लागला. पोचलं तसे डोळे भरून आले आणि काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने सगळ्या प्रती दोन्ही हातांनी छातीशी उचलून घेतल्या.

तिला थँक्यू म्हणावं असं फार ओठावर आलं होतं. पण आता तो घरचा माणूस होता. त्याने ते गिळलं आणि तिच्या मागोमाग पायऱ्या उतरला.