पंधरा दाब, दोन श्वास

चाकूर मागं पडलं आणि नांदेडकडं निघालेल्या एस.टी.त तिसऱ्या बाकावरचा म्हातारा आवाज न करता कलंडला.

कंडक्टर विरूपाक्षनं दोरी ओढून गाडी थांबवली. कुणी कांदा काढला, कुणी पायातली चप्पल. दुष्काळाचं साल, तरी एका बाईनं मांडीवरची कळशी तिरकी करून त्याच्या तोंडाशी धरली.

"पाणी नका घालू, शुद्ध नाही त्यांना." मागून एक मुलगी लोकांना सारत आली. "आधी सीटवरून खाली घ्या. गादीवर दाबून काही होत नाही."

ती तारामती. लातूरच्या सरकारी दवाखान्यातली नर्स, सुट्टीला लोह्याला निघालेली. तिनं म्हाताऱ्याच्या नाकाशी कान नेला. श्वास नव्हता. तळहातावर तळहात, कोपरं ताठ, छातीच्या मधोमध ती दाबू लागली. त्या काळी शिकवायचे तसे... पंधरा दाब, दोन श्वास.

"कंडक्टर, प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट आहे ना तुमच्याकडं? माझे पंधरा झाले की नाक धरून तोंडानं श्वास द्या."

आता कंडक्टरला एवढं यायलाच पाहिजे की नाही? त्या कागदाशिवाय बिल्लाच मिळत नाही. विरूपाक्ष गुडघ्यावर बसला, वाकलासुद्धा. आणि अर्ध्यातच थांबून त्यानं गाडीला विचारलं, "कुणाचं माणूस हाय हे?"

तारामतीनं त्याला कोपरानं बाजूला ढकललं. दाबलंही तिनंच, श्वासही तिनंच दिले. तिच्या कपाळावरचा घाम म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर ठिपकत राहिला आणि एकदाची त्याच्या घशात घरघर झाली. छाती आपली आपण वर आली.

गाडी उलटी चाकूरला नेली. दवाखान्याच्या पायरीवर विरूपाक्ष तिकिटाची पेटी सावरत हसला. "सिस्टर, लई मोठं काम केलं तुम्ही. आजचं तिकीट माझ्याकडून."

"काय विचारलंत मघाशी?"

"ते... नातेवाईक हाय का कुणी, बघायलो व्हतो."

"खोटं."

त्यानं मान खाली घातली.

"माझे वडील, लिंबाजी... लोह्याच्या स्टँडवर असेच पडले. एक शिकलेला माणूस वाकला होता त्यांच्यावर. त्यानंही हेच विचारलं. कुणीतरी म्हणालं, बौद्धवाड्यातलं. तो सरळ उभा राहिला, हात झटकले. मी अकरावीत होते. वडलांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला काहीच येत नव्हतं."

पुढची गाडी आली. ती वळूनही न बघता चढली.

पुढच्या रविवारी लातूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, तिच्या प्रथमोपचाराच्या क्लासला तो हजर.

जिल्हा नवा. पाट्या रंगवून झाल्या होत्या, पण शिकवायचा रबरी पुतळा काही आला नव्हता. म्हणून तारामतीनं डाळमिलमधून तुरीच्या भुशाचं पोतं आणलं होतं. छातीच्या जागी खडूचा गोल, तोंडाच्या जागी रुमाल.

"तुमच्याकडं सर्टिफिकेट आहे," ती म्हणाली.

"हजेरीला सही केली, चहा पिला आन निघून गेलो. खरं तेच सांगतो."

"कोपरं ताठ."

असे सात रविवार गेले. तो चुकायचा, ती फटकारायची.

"सिस्टर, ह्या पोत्याला नाव ठेवावं म्हणतो."

"कशाला?"

"दर रविवारी तोंड लावायलो. वळख तर पायजे."

तिला हसू आलं... आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला. "मोजा. अकरानंतर एकदम तेरा? बारा कुठं गेले?"

"तुमच्याकडं बघण्यात गेले."

आठव्या रविवारी बाकीचे पांगल्यावर तो रुमालाची घडी घालत म्हणाला, "पोत्याच्या पलीकडचं काही बोलावं म्हणतो... तुमच्याशी."

तिचे हात थांबले. तो आवडायला लागला होता, तेच तिला सोसत नव्हतं. "पोत्याला जात नाही, विरूपाक्ष. ज्या दिवशी माणूस समोर येईल, त्या दिवशी बोला."

त्यानंतर तो तीन रविवार आला नाही. तिनं पोतं कोपऱ्यात ढकललं. लाथेनंच.

मग एका दुपारी तो व्हरांड्यातून आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, ओठ चिरलेला.

"मेला, सिस्टर."

"कोण?"

"टँकरच्या रांगेत पडला. आमची गाडी तिथंच थांबली व्हती. लोक म्हणले, सोड, गेलं ते. मी सोडलं न्हाई. जीपमधी फळीवर टाकलं, इथवर दाबत आलो, श्वास देत आलो. डॉक्टरनं बघितलं आन मान हालवली." त्याचा आवाज चढला. "शिकवलं ते समदं केलं. मंग काहून गेला?"

"सगळेच परत येत नाहीत."

"मंग शिकवता कशाला?"

व्हरांड्यातले पेशंट वळून बघू लागले. तिच्याहून जास्त रागावलेलं माणूस तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. सवयीनं तिनं रजिस्टर ओढलं, पेन उघडलं. "नाव काय? कुणाचं माणूस?"

विरूपाक्ष तिच्याकडं बघत राहिला.

"न्हाई माहीत," तो हळूच म्हणाला. "इचारलंच न्हाई."

पेन तसंच राहिलं.

कळशीत तिच्या वाटणीचं दिवसभराचं पाणी होतं. तिनं पेला भरून दिला. त्यानं चिरलेला ओठ लावून अर्धा प्यायला आणि उरलेला पुढं केला. त्याच कडेला ओठ लावून तारामतीनं तो संपवला.

मग त्यानं विचारलं, "रविवारी काय शिकवणार?"

"रविवारी क्लास नाही. लोह्याला चला, आईकडं. गुणाबाई नाव तिचं, माझ्याहून तापट आहे. दारातच विचारील, कुणाचं माणूस म्हणून."

"मंग... काय सांगू?"

"तुम्ही काही सांगायचं नाही," ती रजिस्टर मिटत म्हणाली. "मी सांगते."