तिसरी काच

"मॅडम, पाच नंबरची काच पुन्यांदा फुटली."

फोन रखमाजीचा. त्याचं एसटीडी बूथ दौंडच्या त्या जुन्या घरांच्या ओळीसमोरच होतं.

हर्षदा नगरपालिकेत ज्युनिअर इंजिनिअर. तिनं एक छापील कागद बॅगेत टाकला. ही तिसरी वेळ. 'भिंत सरकते आहे' असं लिहून तिनं सही केली की अख्खी ओळ पाडणार होते.

घर एक, दोन, तीन, चार.
कुलूप. कुलूप. कुलूप. कुलूप.

आठ घरं, एकच छप्पर, मधल्या भिंती सामाईक. चुन्याचा गिलावा ओला असताना त्यात रेघा ओढून दगडी चिऱ्यांचा आव आणलेला. कमानींवरची वेलबुट्टीही चुन्याचीच.

घर पाच. इथं सोजराबाई एकट्या राहत. दाराशेजारी जमिनीपासून कमानीपर्यंत तडा. त्यावर हर्षदानं काचेच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. एक छातीच्या उंचीवर, एक शिडी लावून वर. भिंत सरकली तर काच तडकते.

खालची फुटली होती. मधोमध, चांदणीसारखी. वरची शाबूत.

ओट्यावर काचेचा कणही नव्हता.

"पाडा आता," रखमाजी रस्ता ओलांडून आला. "म्हातारी दबून मरंल."

"तुम्हाला जागा हवी आहे ना?"

"हवी हाय की. गोडाऊन टाकीन. म्हनून काच फोडू व्हय? आन् फोन तर म्हातारीच करायला लावती."

"दर वेळी?"

"दर बारीला. मॅडमला बोलाव म्हनती."

हर्षदानं चपला काढल्या, ओट्यावर चढली. आत स्टोव्ह फुरफुरत होता. दोन कप मांडलेले.

"या बाई. च्या झालाच."

"मावशी, काच कशी फुटली?"

"भित्त हलती, दुसरं काय?"

"याआधी इथं कोण आलं होतं?"

"तुमीच की. एकवीस दिस झालं."

हर्षदानं टेप काढला. तड्याच्या दोन बाजूंना तिनंच पेन्सिलीनं टिंबं केली होती. अंतर मोजलं. मग खाली बसली.

"जूनमध्ये वीस सेंटिमीटर होतं. आजही वीसच. भिंत सरकलेली नाही. सरकली असती तर तडा वर जास्त उघडला असता, वरची काच आधी गेली असती. ही ठोक्यानं फुटली. जिथवर हात पोचतो तिथंच."

"रखमाजीच आसंल," सोजराबाई पटकन म्हणाल्या.

"त्यानं फोडून तुकडे तसेच टाकले असते. इथं कुणीतरी ओटा झाडला. मी अनवाणी येते म्हणून."

स्टोव्ह बंद झाला.

"कशानं फोडलीत, मावशी?"

"बत्त्यानं."

"का?"

"काच फुटली की तुमी येता. घटकाभर बसता." त्यांनी कपाचा कान पुसला. "गुन्हा हाय का?"

"तीनदा फुटली की घर पाडतात."

सोजराबाईंनी भिंतीला हात टेकला. बराच वेळ तो तिथंच राहिला.

"मला कोन सांगनार व्हतं, बाई?"

हर्षदानं कागद काढला. लिहिलं: भिंत स्थिर. काच बाहेरच्या आघातानं फुटली. खाली आणखी एक ओळ: तपासणी दर सोमवारी, समक्ष.

मग ती चहा प्यायली. दोनदा.

घर सहा, सात, आठ.
कुलूप. कुलूप. कुलूप.

कोपऱ्यावरून तिनं वळून पाहिलं. सोजराबाई ओट्यावर दुसरा कप विसळत होत्या, सावकाश, जणू तेवढं काम सोमवारपर्यंत पुरवायचं होतं.