शेवटचा हरकतदार

संस्थेच्या सभागृहात नऊ खुर्च्या एका बाजूला असायच्या आणि एक खुर्ची त्यांच्यासमोर, एकटी. ती हरकतदाराची. नागपूरच्या या मज्जासंशोधन संस्थेत तीस वर्षं एक नियम पाळला गेला होता. कुठलाही अहवाल बाहेर जाण्याआधी हरकतदाराने त्यावर निदान एक हरकत लेखी नोंदवायची, संशोधकांनी तिला उत्तर द्यायचं आणि नऊ सदस्यांचं समाधान झालं की अहवाल मंजूर. हरकतच आली नाही, तर मात्र तो महिनाभरासाठी फेरतपासणीला परत जायचा. ज्या कामात कुणालाच काही खटकलं नाही ते कुणी नीट पाहिलेलंच नाही, असं संस्थापकांचं मत होतं.

त्यांचा दुसरा नियम असा की, लोकांना द्यायचं औषध आधी संस्थेतल्यांनी स्वतः घ्यायचं. फक्त हरकतदार, तटस्थ राहावा म्हणून, त्यातून वगळलेला. दोन्ही नियम चांगले होते. ते एके दिवशी एकमेकांच्या मुळावर येतील, हे उभा जन्म शंका काढण्यात घालवलेल्या या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याचं राहून राहून वाईट वाटतं.

त्या दिवशी चारची बैठक होती. यशवंत हरणखेडे दुपारी बारा वाजताच डॉ. मंदाकिनी उकिडवे यांच्या प्रयोगशाळेत गेले. हरणखेडे संख्याशास्त्रज्ञ, आणि गेली अकरा वर्षं त्या एकट्या खुर्चीवर बसणारे. तापमापक कुठल्या खिडकीजवळ टांगला होता इथपासून त्यांच्या हरकती सुरू व्हायच्या. तरुण संशोधकांच्या नाकी नऊ यायचे, पण त्यांची सही झालेला अहवाल पुढे कुठेही अडत नसे.

मंदाकिनीबाईंनी 'निःशंका' हे औषध शोधलं ते हरणखेड्यांच्या घरातलाच त्रास पाहून. त्यांची पत्नी कुसुम गॅस बंद केला की नाही हे पाहायला वीस-वीस वेळा उठायची. बटण बंद आहे हे तिला डोळ्यांनी दिसे, पण मनाला पटत नसे. रडकुंडीला येऊन ती पुन्हा स्वयंपाकघरात जाई. चार वर्षांपूर्वी मंदाकिनीबाईंनी हरणखेड्यांना त्याचं कारण समजावून सांगितलं होतं.

"पाहणं वेगळं आणि पटणं वेगळं," त्या म्हणाल्या होत्या. "खात्री ही भावना आहे, हरणखेडे. भूक लागते तशी खात्री वाटते. ती उमटवणारी पेशींची एक गाठ मेंदूत आहे, आपण तिला खात्रीकेंद्र म्हणू. कुसुमताईंचं खात्रीकेंद्र मंद आहे. ते जागं केलं की झालं."

निःशंकेचा एक फवारा नाकात मारला की त्यातला निरुपद्रवी विषाणू खात्रीकेंद्रापर्यंत पोचे आणि तिथल्या पेशींना कायमचं कामाला लावी. नियमाप्रमाणे हरणखेडे सोडून संस्थेतल्या सगळ्यांनी तो आधी स्वतः घेतला. मग कुसुम, पहिली रुग्ण. ती बरी झाली, इतकी की हरणखेडे त्या दिवशी जिन्यात बसून रडले होते. तिच्यामागोमाग रुग्णांची संख्या चारशे बारावर गेली. आता एक लाख माणसांसाठी मंजुरी हवी होती.

हरणखेड्यांनी कागद पुढे केला. चारशे बारांपैकी अकरा जण दोन वर्षांत अपघाताने गेले होते. औषध न घेतलेल्या तितक्याच रुग्णांमध्ये दोघे. एका बाईने रूळ ओलांडताना मान वळवली नव्हती. एका औषधविक्रेत्याने स्वतःसाठीच चुकीची बाटली काढली होती आणि तिच्यावरचं नाव वाचलं नव्हतं. पाहून खात्री करावी, अशी गरजच या लोकांना उरली नव्हती. खात्री आधीच होती.

मंदाकिनीबाईंनी कागद दोनदा वाचला. आकडेमोड स्वतः करून पाहिली. बरोबर आहे, म्हणाल्या, पण हा योगायोग आहे.

"कशावरून?"

"मला खात्री आहे."

हरणखेड्यांनी मग अकरा वर्षं सगळ्यांना विचारलेला प्रश्न त्यांनाही विचारला. "मॅडम, मी काय दाखवलं तर तुम्हाला शंका येईल?"

बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी बराच वेळ विचार केला. "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "एक शास्त्रज्ञ म्हणून या उत्तराची मला भीती वाटायला हवी, हे कळतं मला. पण वाटत नाही."

खात्रीकेंद्र परत शांत करता येईल का, असं हरणखेड्यांनी विचारलं. येईल, दोनेक वर्षांचं काम आहे, त्या म्हणाल्या, पण ते कुणी कशाला करावं? आणि त्यांनी चहा मागवला. हरणखेडे तो तसाच ठेवून उठले. कुसुमला पूर्वीसारखी सावध करणारी एकच व्यक्ती जगात होती, आणि तिला त्याची गरज वाटत नव्हती.

आपल्या खोलीत येऊन त्यांनी हरकत लिहायला घेतली आणि पेन खाली ठेवलं. हरकत लिहिली की तिला उत्तर मिळणार. नऊच्या नऊ सदस्यांनी फवारा घेतलेला, त्यांचं समाधान तर आधीच झालेलं. म्हणजे हरकत नोंदवली की औषध आजच बाहेर पडणार. नोंदवली नाही, तर अहवाल महिनाभर थांबणार, आणि महिन्याभरात बाहेरच्या, फवारा न घेतलेल्या तज्ज्ञांना हा कागद दाखवता येणार. जन्मात कधी खोटं न लिहिलेल्या माणसाने आज तोंडाने खोटं बोलायचं ठरवलं.

चार वाजता ते आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही."

अध्यक्ष डॉ. देवपुजारींनी मंजुरीसाठी अहवाल पुढे ओढला. हरणखेड्यांनी त्यांना नियमाची आठवण करून दिली, अहवाल महिनाभर परत जायला हवा.

"नियम कशासाठी होता?" देवपुजारी शांतपणे म्हणाले. "आपल्या नजरेतून काही सुटलं असेल, अशी धास्ती असायची म्हणून. इथे कुणाला तशी धास्ती वाटते का?"

कुणालाच वाटत नव्हती. नऊ हात वर झाले आणि तीस वर्षांचा नियम मिनिटभरात रद्द झाला. पुढच्या मिनिटाला निःशंका मंजूर झाली.

हरणखेडे उठून उभे राहिले. आपण खोटं बोललो, असं सांगून त्यांनी कागद टेबलावर ठेवला. सगळ्यांनी तो आदराने वाचला. आकडे खरे आहेत, हे मंदाकिनीबाईंनीच सांगितलं. देवपुजाऱ्यांनी कागदाची नीट घडी घालून तो परत दिला.

"अकरा वर्षं तुम्ही प्रत्येक गोष्टीला हरकत घेतलीत आणि आज घेतली नाहीत," ते म्हणाले. "आम्हाला आणखी पुरावा कशाला हवा? आत्ताचं हे तुमच्या जुन्या सवयीचं बोलणं आहे."

निघताना मंदाकिनीबाईंनी मायेने फवाऱ्याची एक कुपी त्यांच्या हातात ठेवली. हरकतीचा नियमच गेला, म्हणजे हरकतदारही उरला नाही, तेव्हा आता त्यांनाही घेता येईल. फार हलकं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

घराचं दार उघडताच गॅसचा वास आला. हरणखेडे धावत आत गेले, बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या. कुसुम ओट्याशी शांतपणे कोथिंबीर निवडत होती.

"काहून पळता असे? बंद केला ना मी."

"चालू होता, कुसुम."

तिने बटणाकडे पाहिलं, उघड्या खिडक्यांकडे पाहिलं. "नाही हो," ती हसून म्हणाली, "मी केला होता बंद."

दोघं जेवायला बसले. दोन घास झाल्यावर हरणखेडे उठून बटण पाहून आले. बंद होतं. बसले, आणि पुन्हा उठले. बंद होतं. आता फक्त या घराचंच नाही, लाखभर घरांचं त्यांना पाहायचं होतं आणि पाहणारे ते एकटे होते. तिसऱ्यांदा उठले तेव्हा कुसुमने त्यांचा हात धरला. तिच्या डोळ्यांत खरीखुरी दया होती.

"माझंही असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "तुम्हीबी घेऊन टाका ना ते औषध."

फवारा त्यांच्या खिशातच होता. त्यांनी खिशावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि बटण पाहायला गेले.