घासलेली टाकी

"जिवाणू कितव्या मजल्यावर राहतात हो?"

लिफ्टमध्ये शिरता शिरता त्यानं विचारलं. हातात पिवळ्याधमक पाण्याची बाटली आणि चेहरा इतका गंभीर, की मला हसू आवरेना.

"तिसऱ्या. माझ्याच प्रयोगशाळेत."

नळांना चकचकीत मुलामा देणारं त्याचं वर्कशॉप होतं. हे तिथलं सांडपाणी, त्यात विषारी क्रोमियम. पंधरा दिवसांत ते स्वच्छ झालं नाही, तर वडिलांनी उभं केलेलं वर्कशॉप कायमचं बंद.

"तुमचे जिवाणू हे खातात?"

"खात नाहीत, त्याचं रूप पालटतात. मग विष उतरतं आणि ते गाळ होऊन तळाशी बसतं."

"मग खातात काय?"

"उसाची मळी."

"म्हणजे गोडावर भागतं... तुमचंही भागतं का?"

मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवायचं निमित्त करून मान खाली घातली.

त्याच्या टाकीत जिवाणू सोडले. तो रोज नमुना आणायचा आणि सोबत दहा प्रश्न. यांना थंडी वाजते का? एकमेकांना ओळखतात का? घरचे तर मला 'जंतूवाली' म्हणून मोकळे व्हायचे. असं कुणी विचारलंच नव्हतं. पाणी फिकट होत चाललं, आणि मी... मी सकाळपासून लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागले.

दहाव्या दिवशी टाकी बघायला गेले. टाकी लख्ख! पाणी पिंपांत उपसून ठेवलेलं. वास आला आणि मी भिंतीवरून बोट फिरवून पाहिलं.

"ब्लीचिंग पावडरनं घासलीत?"

"हो... तुम्ही येणार म्हणून. भिंतींना कसला बुळबुळीत थर—"

"अहो, तेच जिवाणू होते!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला संताप आला, खरंच आला. पण माझ्यासाठी आजवर कुणी टाकी काय, साधी ताटलीही घासली नव्हती.

प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये जिवाणूंच्या विरजणाची एकच बाटली उरली होती. टाकी साध्या पाण्यानं खळखळून धुतली, पिंपांतलं पाणी परत भरलं आणि ती ओतली. पाच दिवस आम्ही दोघं टाकीपाशी बसून होतो, मळी घालत, पाणी ढवळत, उगाचच हळू आवाजात बोलत.

पंधराव्या दिवशी सकाळी तपासनीस आले, नमुना जागेवरच तपासून गेले. दुपारी तो मंजुरीचा कागद नाचवत जिन्यानंच धावत वर आला... आणि दारातच थबकला.

"आता नमुना आणायचं कारण उरलं नाही."

"नाही उरलं," मी म्हटलं. "पण तुम्ही आला नाहीत, तर मला करमायचं नाही."

त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"उद्या... आईला घेऊन येऊ?"

"घेऊन ये," मी म्हटलं.