डाव्या बाजूचं बोलणं

"आलीस एकदाची! किती उशीर! बस, आणि डावीकडची पहिली पट्टी दाब."

आवाज ऑर्गनच्या पोटातून आला होता. नोएमी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकली. पाऊस आला म्हणून ती फ्रान्समधल्या नोयेर गावच्या चर्चमध्ये शिरली होती आणि वरून खिडकीच्या रंगीत काचा जवळून दिसतील म्हणून सज्जात चढली होती. आसपास दुसरं कोणीच नव्हतं. म्हणजे हे आपल्यालाच...?

"अगं, दाब ना!"

ती बसली. पट्टी दाबली. दोन नळ्या एकदम वाजल्या – एकमेकींशी भांडत असल्यासारख्या, थरथरत. मग आत कुठेतरी टकटक झाली, थरथर मंदावली, मंदावली... आणि सूर एकदम स्वच्छ झाला. नोएमीच्या अंगावर शहारा आला.

"पुढची!"

पुढची, त्याच्या पुढची, असं करत तास गेला. शेवटी लाकडी फळी सरकवून एक माणूस बाहेर आला. केसांत धूळ, कोपराला कोळिष्टक, दातांत छोटी हातोडी. तिला बघून हातोडी खाली पडली.

"तुम्ही... अनाएल नाही."

"नाही. मी नोएमी. लीलहून मैत्रिणीकडे आलेय."

"मग तासभर पट्ट्या का दाबत होतात?"

"तुम्ही दाबा म्हणालात!"

तो हसला. त्याचं नाव तिबो. गावोगावचे ऑर्गन सुरात लावणं हा त्याचा धंदा, आणि पट्ट्या दाबायला येणारी बहीण, अनाएल, त्या दिवशी दात दुखतोय म्हणून घरी राहिली होती.

"माफ करा, तुम्हाला अगं-तुगं केलं."

"आता केलंतच ना... मागे कशाला घेता?" नोएमी म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईने लाल झाली.

असं मोकळं बोलायची तिची सवयच सुटली होती. वर्षापूर्वीच्या तापात तिचा डावा कान गेला, कायमचा. तेव्हापासून समोरचा काय म्हणाला हे पुन्हा विचारायचा तिला कंटाळा येई. न कळलं की ती नुसती गोड हसायची आणि हो म्हणून मान हलवायची. या कानाची गोष्ट ठाऊक असलेली ब्लांदिन ही एकच मैत्रीण. आजारपणात ती तीन आठवडे लीलला येऊन राहिली होती. आजही सांगावं न लागता ती नेहमी नोएमीच्या उजव्या हाताला बसायची. ब्लांदिनचं नोयेरमध्ये औषधांचं दुकान. तिची सहकारी अचानक रजेवर गेल्यामुळे पाहुणीला एकटीनेच भटकावं लागत होतं.

"उद्या आव्हालाँला काम आहे," तिबो म्हणाला. "बहिणीचा दात काही इतक्यात बरा होत नाही. मी गाव दाखवतो, तू बोटं दे. कबूल?"

"आणि जेवण?"

"माझ्या आईने केलेल्या गुजेर, चीज घातलेल्या छोट्या फुगीर पावांसारख्या. गरम नसतील, पण चीजमध्ये कंजुसी नाही."

आव्हालाँला घड्याळाच्या बुरुजाखालून जाताना नोएमी हळूच त्याच्या डाव्या बाजूला सरकली, म्हणजे तो तिच्या उजव्या कानाशी राहिला. जुन्या तटावरून दरी दिसत होती. भिजलेल्या लिंडेनच्या झाडांखाली दोघांनी गुजेर खाल्ल्या, आणि शेवटची कोणी खायची यावर भांडले.

"पाहुणीला द्यायची असते."

"पाहुणी? तू तर माझी नोकर आहेस."

"पगार न घेणारी!"

"म्हणूनच अर्धी देतोय."

बुधवारी वेझलेला काहीच काम नव्हतं. तरी गेले. चढाच्या रस्त्याने वरच्या मोठ्या चर्चपर्यंत, धापा टाकत. आतल्या पांढऱ्या कमानींमध्ये ऊन उतरलं होतं. तिबो गप्प उभा राहिला. हा माणूस गप्पसुद्धा किती छान राहतो, नोएमीला वाटलं... आणि याला अजून सांगितलं नाही. ज्याचं सगळं आयुष्य कानांवर चालतं, त्याला कसं सांगणार की माझा एक कान मेलाय?

परतताना मिनिटभरात ढग दाटले. फ्रान्समधल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गाडीत तिबो तिच्या डाव्या हाताला. जाताना ती सतत त्याच्याकडे वळून, ओठ बघून बोलली होती. आता मात्र ती दमून काचेबाहेर बघत राहिली. ओले द्राक्षमळे मागे पळत होते, पावसाचा टपावर ताशा चालला होता. इतकं भरलेलं, इतकं हलकं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं.

वळून बघितलं, तर तिबो तिच्याकडे बघत होता. वाट बघत असल्यासारखा.

"म्हणजे... नाही?" त्याने विचारलं.

तिला अर्धवट ऐकू आलं. ती सवयीने गोड हसली आणि हो म्हणून मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. नोयेर येईपर्यंत पुन्हा बोलला नाही.

गुरुवारी सकाळी सम्यूरला चर्चचा ऑर्गन लावायला जायचं ठरलं होतं. तो आलाच नाही. दहा वाजता ब्लांदिनचा फोन आला. "दुकानात ये. आत्ताच्या आत्ता."

ब्लांदिन पांढऱ्या कोटात, कमरेवर हात ठेवून उभी होती. "तुझा ऑर्गनवाला आला होता. म्हणाला, मैत्रिणीला सांगा, काल गाडीत बोललो ते मनावर घेऊ नकोस. काय बोलला गं?"

"मला काय माहीत! काहीच बोलला नाही."

"गाडीत कुठे बसली होतीस?"

नोएमीचा चेहरा पांढरा पडला.

"अगं बाई... तू त्याला सांगितलंच नाहीस? बिचाऱ्याने मन मोकळं केलं आणि बाईसाहेब काचेबाहेर द्राक्षं मोजतायत!"

"त्याचं काम कानांचं आहे, ब्लांदिन."

"आणि तुझं काम मूर्खपणाचं. ही घे गाडीची किल्ली. रडायचं असेल तर सम्यूरला पोचल्यावर रड, घाटात नको."

सम्यूरला नदीकाठच्या चार जाड बुरुजांकडे, त्यातल्या भेग पडलेल्या बुरुजाकडेही, नोएमीने बघितलं नाही. ती धावत चर्चचा जिना चढली. पट्ट्यांपाशी गालाला रुमाल बांधलेली अनाएल बसली होती. तिने नोएमीला एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

"लीलची? बसा बाई, बसा. कालपासून हा घरात सुतक पाळतोय." आणि ती भराभर खाली उतरून गेलीसुद्धा.

"पुढची!" आतून आवाज आला. नोएमीने पट्टी दाबली नाही.

"अनाएल, पुढची!"

"काल गाडीत तू काय म्हणालास?"

मग फळी सरकली. "जाऊ दे ना, नोएमी. उत्तर मिळालं मला."

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. वर्ष झालं. तुला सांगायची लाज वाटली. मी कशाला मान हलवली, ते मलाच माहीत नाही."

तिबो खालीच बसला, धुळीत. "म्हणजे तू नाही म्हणाली नव्हतीस?"

"मला प्रश्नच माहीत नाही!"

"तीन दिवस पाठ केलं होतं मी ते..."

"मग पाठ असेलच. म्हण."

तो उठला, तिच्या उजव्या बाजूला बाकावर येऊन टेकला आणि समोरच्या पट्ट्यांकडे बघत बोलला, "म्हटलं होतं की, मी पंधरा वर्षं या गावांतून फिरतोय, पण ही गावं मला पहिल्यांदाच खरी दिसली. तुझ्यामुळे. म्हटलं, मला तू आवडतेस... आणि रविवारी तू गेलीस तर मी मागून येऊ का?"

नोएमीचे डोळे भरले. "ये," ती म्हणाली. "आणि मला तू आवडतोस. हे तुला दोन्ही कानांनी ऐकू आलं ना?"

"नीटसं नाही. पुन्हा?"

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही.

रविवारी मोंबारच्या स्टेशनवर तिबो आणि ब्लांदिन दोघेही पोचवायला आले. "शुक्रवारी येतोय," तिबो म्हणाला. "लीलमध्ये एखादा बेसूर ऑर्गन असेलच."

"नसला तर?"

"आपण बिघडवू."

नोएमी ब्लांदिनकडे वळली, तर ती आधीच हात झटकत होती. "मला काही म्हणू नकोस. मी रडले की फार वाईट दिसते." आणि तिला घट्ट मिठी मारून रडलीच.

गाडी सुटली. फलाटावरची दोन माणसं लहान होत गेली. नोएमीने काचेला हात टेकला आणि तिला कळायच्या आत ती मोठ्याने म्हणाली, "आभारी आहे."

समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंनी विणकामातून मान वर केली. "मला म्हणालात का?"

"हो," नोएमी हसत म्हणाली. "तुम्हालाही."