गुरंवाल्यांचा कोपरा

सरकारने मक्यापासूनच्या इंधनाला, इथेनॉलला, अनुदानाचा हात दिला, तर कर्स्टनच्या वडिलांना मक्याला मापामागे पंचवीस सेंट जास्त मिळणार होते आणि इथेनॉल कारखान्याच्या वजनकाट्यावरची तिची नोकरी टिकणार होती. गुरं पाळणाऱ्या एल्डनचं नुकसानही तेवढंच होणार होतं. त्याच्या तीनशे गुरांना तोच मका विकत लागायचा. प्रेमात पडायला याहून गैरसोयीचा माणूस तिला अख्ख्या आयोवात सापडला नसता.

भेट काट्यावरच झाली. मक्यातून इंधन काढून उरलेला ओला चोथा गुरांसाठी न्यायला तो आला होता. चोथ्याची वाफ त्याच्या भुवयांवर गोठली होती.

"अनुदान बंद करा म्हणून पेपरात पत्रं लिहिता ना तुम्ही?" तिने पावती फाडली. "आणि चोथा बरा आमचा गोड लागतो?"

"मला नाही, गाईंना लागतो. मी आपला... काट्यावर कोण बसतं ते बघायला येतो."

मग आठवड्याचा ट्रक दिवसाआड यायला लागला. गुरं काही एवढी खात नव्हती.

फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमलं. आमच्याकडे मताच्या चिठ्ठ्या नसतात. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभं राहायचं. माणसं ऐंशी, बाराच्या आतला कोपरा बाद. मक्यावाल्यांचा गच्च भरला. अनुदानविरोधी कोपऱ्यात गुरंवाले अकरा. एल्डनने एकेकाला विनवलं. फक्त कर्स्टनला नाही.

दोन मिनिटं उरली, तेव्हा ती मक्यावाल्यांच्या कोपऱ्यातून निघाली. ओले बूट फरशीवर करकरत होते.

"वाट चुकलीस का गं?" तिचे वडील, थोरवाल्ड, मागून म्हणाले.

"नाही, बाबा." ती एल्डनसमोर थांबली. "माझं मत बदललेलं नाही. अनुदान हवंच. पण तुझं म्हणणं मोजलंही जाऊ नये... हे बघवेना. सगळ्यांना विचारलंस, मलाच का नाही?"

"तुला वेगळंच विचारायचं होतं..."

"मग विचार की. एक मिनिट आहे अजून."

त्याने विचारलं — ऐंशी जणांदेखत. तिने मान डोलावली, आणि टाळ्या चारी कोपऱ्यांतून आल्या. बारा माणसं मोजली गेली.

जिल्ह्याच्या सभेला जाणाऱ्या पाच प्रतिनिधींत एक जागा गुरंवाल्यांना मिळाली. गेली ती नेमकी थोरवाल्डची. जूनमध्ये लग्न झालं. रीतीप्रमाणे जेवणाचा खर्च मुलीच्या बापाचा: दीडशे पाहुणे, स्टेक एल्डनच्याच गुरांचे. जावयाने भावात एक सेंट सोडला नाही. मका महाग झालाय म्हणाला.